दोन दिवे आणि बारा दाखले

साकोली तालुक्यातल्या एका वीज उपकेंद्रात बुधवारी सकाळी पॅनलवरचा एक दिवा विझला आणि त्याच्या शेजारचा दुप्पट उजळला. बाकी सगळे सुरळीत होते. नेमकी तीच भानगड होती.

उपकेंद्राची बटणे, घंट्या, लाइनची वीज तोडणारे ब्रेकर बॅटरीवर चालतात. तिच्या धन आणि ऋण अशा दोन्ही तारा जमिनीपासून अलिप्त ठेवलेल्या असतात. एखादीचे आवरण फाटून ती जमिनीला टेकली, तर काहीच बंद पडत नाही. फक्त पॅनलवरचा तिचा दिवा विझतो आणि दुसरीचा जास्त उजळतो. पण दुसरीही टेकली, की बॅटरीच शॉर्ट. मग बाहेर कुठे लाइन तुटून पडली, तरी बटण दाबून ती बंद होत नाही. ऑपरेटर चंद्रकलाबाईंना एवढीच धास्ती होती. त्यांनी अर्ज लिहिला.

"काय बंद पडलं?" उपकेंद्राचे प्रमुख धनंजय साहेबांनी विचारले.

"काहीच नाही साहेब. पण धन तार कुठंतरी जमिनीले टेकली."

"मंग कायले घाबरून राहिल्या? एक दिवा तर उलट जास्त उजेड देऊन राहिला!"

दोष शोधायची रीत साधी होती. बारा सर्किटे एकेक करून मिनिटभर बंद करायची. ज्याच्या वेळी दोन्ही दिवे सारखे होतील, त्यात दोष. पण प्रत्येक सर्किटाला एक प्रभारी होता, आणि मिनिटभर बंद करू देणे म्हणजे संशय मान्य करणे. बाराही जणांनी 'माझे सर्किट निर्दोष' असा दाखला सही-शिक्क्यानिशी दिला. बाराही निर्दोष, त्याअर्थी दोष दिव्यात, असा निष्कर्ष साहेबांनी नेमलेल्या समितीने काढला. दिवा बदलला. नवाही पेटेना.

"संगतीचा परिणाम," समितीचे अध्यक्ष दादाजी गंभीरपणे म्हणाले.

अखेर नियमावली उघडली. तिच्यात लिहिले होते : दोन्ही दिवे सारखे दिसले पाहिजेत. उजळ दिवा तत्काळ काढून घेण्यात आला. दोन्ही जागी अंधार झाला. समानता प्रस्थापित झाली.

लाइनमन बाबुलालने कपाळाला हात लावला. "ताई, आता दुसरा दोष आला तं कसा समजन?"

"त्याले सांगजो, येताना अर्ज घेऊन ये म्हणा," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात 'दोषमुक्त उपकेंद्र' अशी पितळी पाटी मंजूर झाली. फोटोसाठी साहेबांनी ड्रिल स्वतः धरले. स्क्रू भिंतीत गेला, भिंतीतल्या लोखंडी पाइपात गेला आणि पाइपातल्या ऋण तारेत जाऊन बसला. फट्! सगळे पॅनल विझले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात चंद्रकलाबाईंना एका शेतकऱ्याचा फोन आला. "बाई, शेताच्या धुऱ्यावर तार पडली! ठिणग्या उडून राहिल्या, अन् धानाच्या रोवण्याच्या बाया बांदीतल्या पाण्यात उभ्या आहेत! बंद करा!"

त्यांनी बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. मग त्या खुर्च्या, हार, पाहुणे ओलांडून यार्डात धावल्या आणि ब्रेकरची हातकळ खाली ओढली. धाड्!

"बंद झाली बाई," फोनवरचा आवाज रडवेला झाला होता. "साऱ्या सुखरूप आहेत."

संध्याकाळी बाईंना नोटीस मिळाली : शासकीय समारंभात विनापरवानगी धावल्याबद्दल खुलासा करावा.

हसलात? हसा. फक्त एवढे सांगा, गिझर लावला की तुमच्या घरचा जो सुरक्षेचा स्विच सारखा पडायचा, त्याला बगल देऊन वायरमनने 'कायमचा बंदोबस्त' केला, तेव्हा त्याला चहा कोणी पाजला होता?