तीन शून्यं आणि एक सोफा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी हुशार आहे! हे मी म्हणत नाही, आमचे साहेब म्हणतात. "तू जरा जास्तच हुशार आहेस," असं ते मला दर आठवड्याला ऐकवतात. म्हणताना कपाळाला हात का लावतात, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

आमचं ऑफिस सॉफ्टवेअरचं. म्हणजे एका सायकलच्या दुकानावरचा माळा, चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि कुरकुरणारे साहेब. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक लॉन्ड्री. तिची गावात तीन दुकानं आणि कपडे धुवायचा एकच कारखाना. दुकानात कपडा आला की आमचं सॉफ्टवेअर त्याचा टॅग छापणार, आणि धुऊन झाला की त्या टॅगवरच्या नंबरावरून तो आपल्या मालकाकडे परत जाणार. साधं काम! पण टॅगची पद्धत होती लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी घालून दिलेली. पहिल्या दुकानाच्या नंबराआधी एक शून्य, दुसऱ्याच्या आधी दोन, तिसऱ्याच्या आधी तीन. साहेबांनी एकदा सुचवून पाहिलं, "बाई, दुकानांना नावं देऊ या की!" बाई म्हणाल्या, "सासरे गेले, शून्यं राहिली. ती राहणार!" विषय संपला.

आता सॉफ्टवेअर काही कोणी अख्खं स्वतः लिहीत नाही. थोडं आपण लिहितो, बाकीचं जगाने लिहून ठेवलेलं उचलतो. या उचललेल्या तुकड्यांना लायब्ररी म्हणतात. एकीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने आपला साडू, साडूचा भाऊ आणि भावाचा कुत्रा घेऊन यावं, तसा प्रकार! ही सगळी फौज गोळा करून चालतं सॉफ्टवेअर बांधून देतं ते बिल्ड टूल. आमचं बिल्ड टूल जुनं होतं. इतकं हळू चालायचं, की बटण दाबून साहेब केस कापून यायचे.

"साहेब," मी छाती फुगवून म्हणालो, "हे म्हातारं काढून टाकू. नवं टूल आलंय, वाऱ्यासारखं पळतं. दुपारच्या चहाच्या आत बसवून देतो!"

"नक्की?" हा प्रश्न साहेबांचा नव्हता. आमच्याकडे टेस्टिंग करणारी एक बाई आहे. तिला आम्ही शंकासुर म्हणतो, आणि तोंडावर म्हणतो. ती रागवत नाही. नुसतं "नक्की?" म्हणते, आणि समोरच्याची झोप उडते.

"नक्की!" मी म्हणालो.

इथे जरा घरचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन आदळलं. आमच्या हॉलमध्ये एक सोफा आहे. मी स्वतः निवडलेला, मऊ, पाय पसरून टीव्ही बघता येईल असा. त्यावर गेल्या वर्षापासून माझा मेहुणा पसरलेला आहे. बायकोचा धाकटा भाऊ. "नोकरी लागेपर्यंत राहू दे," असं ठरलं होतं. पण नोकरीने सोफ्यावर येऊन त्याला उठवावं, अशी त्याची अपेक्षा असावी. गडी तोंडाचा गोड आहे, याबद्दल वादच नाही. रिमोट मागितला तर इतक्या प्रेमाने "दाजी, तुम्हाला कशाला त्रास!" म्हणतो, की आपणच थँक्यू म्हणून प्लॅस्टिकच्या स्टुलावर जाऊन बसतो.

आणि त्याला एका विमा कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं! बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. तिला भाऊ दिसत होता, मला सोफा.

"अहो, त्याचा काळा सूट लॉन्ड्रीत द्यायला हवा," बायको म्हणाली.

"सूट? नुसता सूट?" माझ्या अंगात आलं. "अगं, आपल्या सॉफ्टवेअरवर चालते ती लॉन्ड्री! दे सगळेच कपडे! त्याचे, माझे, कपाटातले, दोरीवरचे, सगळे! मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी घरपोच, कडक इस्त्रीत! माझी गॅरंटी!"

माझी गॅरंटी म्हटल्यावर बायकोने स्वतःचे कपडे तेवढे दिले नाहीत. ही गोष्ट मला तेव्हा लागली होती. आता लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवं टूल बसवायला घेतलं. पहिल्या मिनिटाला ते म्हणालं, मला अमुक लायब्ररी नवी हवी. दिली. नवी म्हणाली, मग माझी मैत्रीणही नवी हवी. दिली. मैत्रीण आली आणि म्हणाली, पहिली जुनीच असेल तर मी थांबते, नाहीतर चालले! मी जुनी आणली, तर टूल रुसलं. टूलला मनवलं, तर मैत्रीण निघाली. चहा आला, गार झाला. साहेब केस कापून आले.

"झालं का रे?"

"होतंय साहेब! फक्त यांचं आपसांत पटत नाहीये."

शेवटी माझं डोकं सटकलं. मी टूलला सरळ हुकूम सोडला, की भांडण असेल तिथे जी सगळ्यात नवी असेल ती घे आणि गप्प बस. आणि काय सांगू! स्क्रीनवर सगळं हिरवंगार! मी खुर्चीवरून उडी मारली आणि त्या आनंदात जुनं टूल सगळ्यांदेखत पुसून टाकलं.

"एक टॅग छापून बघितलास?" शंकासुराने विचारलं.

"हिरवं दिसतंय ना? मग टॅग कशाला? कागद फुकट जातो!"

"नक्की?"

"नक्की, नक्की, नक्की!" असं त्रिवार म्हणून मी सॉफ्टवेअर लॉन्ड्रीला पाठवून दिलं. आमचे कपडेही बायकोने त्याच दिवशी नेऊन दिले.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे बरोब्बर घरी आले. "बघ!" मी बायकोला म्हणालो. मेहुणा गठ्ठा उघडेल तर शपथ. तो सोफ्यावरूनच म्हणाला, "इस्त्री मोडेल, दाजी. सकाळी एकदमच घालतो."

सकाळी हॉलमधून किंकाळी ऐकू आली. मी दात घासता घासता धावलो. मेहुणा उभा होता, ही पहिली आश्चर्याची गोष्ट. दुसरी म्हणजे त्याच्या हातात लालभडक कोट होता! खांद्यांवर सोनेरी गोंडे, छातीवर सोनेरी दोऱ्या, बाह्यांवर बटणांच्या रांगा. खाली पांढरी पँट, तिला लाल पट्टी.

"दाजी, हा बॅन्डमास्तरचा कोट आहे!"

"माझा गठ्ठा बघ! माझ्या पँटा त्याला होतील!" मी घाईघाईने माझा गठ्ठा फोडला. आतून टॉवेल निघाले. टॉवेल, टॉवेल आणि टॉवेल! सगळ्यांवर पोहण्याच्या तलावाचा शिक्का.

"दुसरं काही धुतलेलं?" मेहुण्याने घाबऱ्या आवाजात विचारलं.

"काही नाही," बायको माझ्याकडे बघत म्हणाली. "यांच्या गॅरंटीवर सगळंच दिलं होतं ना!" वर्षभर तिने या एका दिवसाची वाट पाहिली होती, आणि त्या क्षणी मला खरंच, अगदी मनापासून लाज वाटली. सोफ्याचं दुःख वेगळं.

मुलाखत तर चुकवायची नव्हती. मेहुण्याने लाल कोट चढवला, गोंडे नीट केले आणि निघाला. मागून मीही निघालो. अंगात झोपायचा शर्ट, खाली हत्ती छापलेला पायजमा. रस्त्यात एक बॅन्ड चालला होता. सगळ्यात पुढे काळ्या सुटातला एक माणूस रडवेल्या तोंडाने काठी फिरवत होता. तो सूट मी ओळखला आणि मान खाली घालून गल्लीत वळलो.

ऑफिसात पाय ठेवला तर साहेब फोन कानापासून हातभर लांब धरून उभे. तरीही मालकीणबाईंचा आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता. "जजसाहेबांना कराटेचा ड्रेस गेलाय! कराटेच्या मास्तरला नर्सचा! आणि नर्स काय घालून आलीय ते मी फोनवर सांगू शकत नाही!"

साहेबांनी माझ्या हत्तींकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

शंकासुराने मात्र शांतपणे माझ्यापुढे दोन टॅग ठेवले. एक जुना, एक नवा. जुन्यावर नंबराआधी तीन शून्यं होती, नव्यावर एकही नव्हतं.

"आपल्या सॉफ्टवेअरला टॅग छापायची लायब्ररी जुनी हवी होती," ती म्हणाली. "आणि पावतीला नक्षी काढणारा जो तुकडा आपण उचललाय, त्याला तीच लायब्ररी नवी हवी होती. जुनं टूल अशा वेळी आपल्याला जवळची, म्हणजे आपण स्वतः मागितलेली कोणती ते बघायचं आणि ती घ्यायचं. तू नव्याला सांगितलंस, सगळ्यात नवी घे. नवीला वाटतं, नंबराआधीचं शून्य म्हणजे कचरा. तिने झाडून टाकलं."

"म्हणजे तिन्ही दुकानांचे नंबर..."

"एकच झाले. बावन्न नंबरचे तीन गठ्ठे, आणि ज्याला जो मिळेल तो!"

"जुनं परत बसव, आत्ताच्या आत्ता!" साहेब गरजले.

"साहेब, ते मी पुसलं."

"माझ्याकडे कॉपी आहे," शंकासुर म्हणाली. "हा 'नक्की' म्हणाला की मी आधी कॉपी काढून ठेवते."

"तू जा लॉन्ड्रीत!" साहेबांनी मला दार दाखवलं. "बाईंची माफी माग. पाय धर. काय वाटेल ते कर, पण गिऱ्हाईक गेलं तर तूही गेलास!"

लॉन्ड्रीच्या दारात जत्रा लोटलेली असणार, माझ्या नावाने शिमगा चालू असणार, हे मी धरूनच चाललो होतो. पोहोचलो तर चिडीचूप! शंभरेक माणसं रांगेत उभी. आणि काउंटरवर, गोंडे हलवत, हातात हँगर घेऊन, आमचा मेहुणा!

"ज्यांच्या अंगावर परका कपडा, ते डावीकडे!" त्याने हँगर डावीकडे फिरवला. लोक डावीकडे गेले. "ज्यांना काहीच मिळालं नाही, ते उजवीकडे! जजसाहेब, तुम्हाला कशाला त्रास, तुम्ही बसा. कराटेवाले, नर्सबाईंचा ड्रेस आधी त्यांना द्या... इथे नको, आत पडद्यामागे!"

आणि माणसं ऐकत होती! लाल कोट आणि सोनेरी गोंडे बघून प्रत्येकाला वाटत होतं, की हा कोणीतरी मोठा अधिकारी असणार. त्यात त्याची ती गोड जीभ. भांडायला आलेली माणसं त्याला थँक्यू म्हणून जात होती.

"अरे, तुझी मुलाखत?" मी कोपऱ्यात गाठून विचारलं.

"वॉचमनने सोडलंच नाही, दाजी. म्हणाला, बॅन्डवाल्यांनी मागच्या दाराने यायचं. मागच्या दाराने गेलो, तर तिथला म्हणाला, आज बॅन्ड सांगितलेलाच नाही. मग मी भांडायला इथे आलो. पण इथे इतका गोंधळ होता, की माझा नंबर लागायला आधी रांग लावणं भाग होतं."

मी मालकीणबाईंपुढे जाऊन हात जोडले. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्या डोळे भरून मेहुण्याकडे बघत होत्या.

"हा मुलगा कोण?" त्यांनी विचारलं.

"माझा... माझ्या बायकोचा भाऊ."

"उद्यापासून आमच्या तक्रार विभागात! सासरे असते तर त्यांनी याला दत्तक घेतलं असतं!"

मंडळी, मला काय आनंद झाला! गिऱ्हाईक वाचलं, माझी नोकरी वाचली, मेहुण्याला नोकरी लागली, आणि सोफा! सोफा मोकळा झाला! मी हत्तींच्या पायजम्यात नाचत घरी गेलो. बायकोने आमच्या दोघांचीही दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. मी रस्त्यातूनच नवीन उशी आणली होती.

सकाळी लवकर उठलो, उशी काखेत मारली आणि हॉलमध्ये आलो. मेहुणा सोफ्यावर, तंगड्या पसरून, कानाला हेडफोन लावून बसला होता. पुढ्यात टीपॉयवर फोन.

"अरे, कामावर नाही गेलास?"

"हे काय, कामावरच आहे, दाजी! दुकानात परत आलेल्या कपड्यांचे ढीग लागलेत, बसायला जागाच नाही. बाई म्हणाल्या, तक्रारी फोनवरच घ्यायच्या, घरूनच कर. कायमचं!" त्याने बोट ओठांवर ठेवलं. "दिवसभर टीव्ही मात्र बंद ठेवावा लागेल. आणि सोफ्याला धक्का लावू नका, गिऱ्हाईकाला कर्कर ऐकू जाते."

मी उशी घेऊन स्टुलावर बसलो. खाली अजून हत्तीच होते. एवढ्यात माझा मोबाइल वाजला. उचलला तर कानात आणि हॉलमध्ये एकच आवाज आला.

"नमस्कार, लॉन्ड्रीच्या तक्रार विभागातून बोलतोय. तुमच्या पँटांबद्दल फोन केला होता. तुम्हाला कशाला त्रास! आपण रांगेत आहात."

"थँक्यू," मी म्हणालो.