रिकाम्या खुर्चीची राखण

ज्युराच्या डोंगरात, कोंबग्रेल गावी, आम्हा घड्याळजींच्या मंडळाला अध्यक्ष नव्हता, ही बाब सर्वप्रथम नमूद करणे आवश्यक आहे. उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हेही नव्हते. पूर्वी होते. शेवटच्या अध्यक्षांना नूमा मोंतांदोंने भर सभेत खुर्चीवरून उठवलं आणि तिच्याकडे बोट दाखवून तो गरजला, "माणसाच्या डोक्यावर माणूस नको! ना राजा, ना पुढारी, ना अध्यक्ष! जो तो आपल्या मर्जीने राबेल, आपल्या मर्जीने एकत्र येईल. आणि ही खुर्ची कायम रिकामी राहील!" खाणावळीच्या मागच्या खोलीत अशा टाळ्या पडल्या की शेगडीवरची बटाट्यांची कढई हलली. पुढे नूमाने हाच विचार एका पुस्तिकेत मांडला आणि शेजारच्या दोन देशांनी तिच्यावर बंदी घातली. घड्याळात काटे बसवणारा आपला नूमा, आणि त्याला राजेलोक घाबरतात! आमची छाती फुगली.

अडचण एवढीच की खुर्ची फार चांगली होती. अक्रोडाच्या लाकडाची, उंच पाठीची, हात टेकायला दांडे असलेली, आणि शेगडीला अगदी लागून. आम्ही बाकीचे बिनपाठीच्या बाकांवर, दाराच्या वाऱ्यात, समानतेने कुडकुडत बसायचो.

पहिला पेच मांजरीने टाकला. खाणावळीची ती लठ्ठ मांजरी खुशाल खुर्चीवर पसरायची आणि जवळ जाणाऱ्यावर फिस्कारायची. ती सत्ता गाजवते की नुसती झोपते, यावर मंडळात दोन तट पडले. मतदान करायची सोय नव्हती, कारण मतदान म्हणजे बहुमताची दादागिरी. म्हणून सगळे थकेपर्यंत चर्चा झाली आणि थकल्यावर एकमत झालं की तिला हाकलावं. पण हाकलणार कोण? कुणी कुणाला सांगायचं नव्हतं. तेव्हा झेलिम मात्ते राजीखुशीने पुढे झाला. त्याने राजीखुशीने काठी आणली. पुढच्या हिवाळ्यापासून तो दंडाला तांबडी फीत बांधून येऊ लागला, तीसुद्धा राजीखुशीनेच.

मग धुळीचा प्रश्न उपस्थित झाला. खाणावळवाल्या बाईने फडकं मारताना गादीवर तळहात टेकवला. तळहात टेकवणे म्हणजे बसणे होय काय, यावर बऱ्याच बैठका खर्ची पडल्या आणि निष्कर्ष निघाला: अंशतः होय. त्यानंतर कुणाची तरी टोपी चुकून खुर्चीच्या कोपऱ्याला अडकली. तसा अपघात पुन्हा घडू नये म्हणून आम्ही खुर्चीजवळून जाताना टोप्या काढून हातात घेऊ लागलो. कोण किती जवळून जातो याचा वाद नको म्हणून मग दारातच काढू लागलो. यात कुणाचाही हुकूम नव्हता, हे ध्यानात घ्यावं.

इकडे नूमा म्हातारा झाला. आयुष्यभर भिंग डोळ्याला लावून वाकल्याने त्याची पाठ पार कामातून गेली. डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, "शेगडीजवळ, पाठ टेकून बसत चला. हा हिवाळा असाच काढलात, तर वसंतात कामाच्या मेजाशी बसणं विसरा." नूमाच्या घरी होती ती एक तिवई. पाठीची खुर्ची अख्ख्या ओळखीत एकच होती.

एका संध्याकाळी तो सगळ्यांच्या आधी खाणावळीत आला. इकडेतिकडे बघितलं. टोपी काढली, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा घातली, आणि हळूच टेकला. अहाहा! मणका न् मणका सैल पडला. डोळे मिटून तो मनाशी म्हणाला, 'च्यायला, त्या अध्यक्षाला उठवलं तेव्हा तो एवढा का रडला, ते आत्ता कळतंय.'

तेवढ्यात काठी वाजली.

"नूमाकाका, उठा," झेलिम म्हणाला.

"कुणाच्या हुकमाने?"

"हुकूम? छे छे, काहीतरीच काय! आपल्यात हुकूम असतो का कधी? उठा."

"अरे बाबा, पाठ दुखतेय माझी. मी काही राज्य करायला बसलो नाही."

"तुमच्याच पुस्तिकेत आहे, काका. 'कारण कोणतेही असो, त्या खुर्चीवर कोणीही बसता कामा नये.' पाठदुखी हेही कारणच की!"

हळूहळू मंडळ जमलं. सगळे टोप्या हातात घेऊन उभे राहिले. न्यायाधीश नव्हता, त्यामुळे सगळेच न्याय करू लागले.

"मीच लिहिलं ना ते?" नूमा काकुळतीला आला. "मग आता मीच सांगतो, बसू द्या."

"म्हणजे तुमचं ऐकायचं?" झेलिम दचकला. "माणसाने माणसाचं ऐकायचं? हे तुम्ही बोलताय, काका? आम्ही फक्त पुस्तिकेचं ऐकतो."

या क्षणी नूमाची बायको सेलीन त्याचा विसरलेला गळपट्टा घेऊन आली. तिने खुर्ची पाहिली, काठी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"बायकोला कधी घाबरला नाहीत एवढे लाकडाला घाबरताय!" ती कडाडली. "एवढीच नडतेय ना ती खुर्ची? आणा कुऱ्हाड, घाला शेगडीत. पुढारीपण जळेल आणि सगळ्यांना ऊबही मिळेल. घरी मी पाठ टेकायला भिंतीला फळी ठोकून देईन याला."

झेलिमच्या हातून काठी पडली. "जाळायची?" तो पुटपुटला. "मग रिकामी काय ठेवायची?"

आणि सगळ्यात मोठ्याने "नको!" ओरडला तो नूमा. त्यालाच नवल वाटलं. पण खुर्ची गेली, तर ती आपण रिकामी केली होती हे पोराटोरांना दाखवायचं कशावर? विचार जगाचा होता, खुर्ची मात्र त्याची होती. तो दांड्यांवर जोर देऊन कण्हत उठला, गादीवरची सुरकुती तळहाताने सारखी केली (अंशतः बसणे, आम्ही दुर्लक्ष केलं), टोपी काढली आणि बाकावर, दाराच्या वाऱ्यात जाऊन बसला. सेलीनने फळीचं पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "नको. इतरांना फळी आहे का?"

वसंतात डॉक्टरचं खरं झालं. मेज गेलं, काम गेलं, नूमाने अंथरूण धरलं ते धरलंच. आम्ही पाळीपाळीने त्याला भेटायला जातो, सूप नेतो. सेलीन आमच्याशी बोलत नाही. तो मात्र आम्ही दारात दिसताच मान उचलतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "रिकामी आहे ना?"

"आहे, काका," आम्ही म्हणतो. मग तो समाधानाने मान खाली ठेवतो.

तुम्हीही या कधी कोंबग्रेलला. तुम्ही इतका वेळ आम्हाला हसलात, म्हणजे शहाणी माणसं आहात. खाणावळीत कुणी तुम्हाला काही सांगणार नाही, आमच्यात तशी पद्धतच नाही. दारात पाऊल ठेवाल, काठी घेतलेला झेलिम दिसेल, टोप्या काढून उभे असलेले आम्ही दिसू, आणि तुमचा हात आपोआप डोक्याकडे जाईल. आजवर आलेल्या एकाही पाहुण्याने का म्हणून विचारलेलं नाही.