मोठ्या साहेबांच्या खोलीतल्या स्लाइड्स

वहिनींनी बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही.

पडद्यावर त्यांच्या शिबिराचं नाव होतं, 'सांगायचं ते दिसू द्या', आणि ते तिथेच ठाण मांडून बसलं होतं. वहिनींनी पुन्हा दाबलं. मग हात लांब करून रिमोट अगदी लॅपटॉपच्या तोंडाशी नेऊन दाबलं. लांब टेबलाभोवती कुलपं बनवणाऱ्या कंपनीतली माणसं पेनांची टोपणं काढून वाट बघत होती. "यालाही सकाळी जाग यायला वेळ लागतो," असं म्हणून वहिनी हसल्या. बाकी कुणी हसलं नाही.

हा दिवस वाया जाऊन चालणार नव्हता. जाहिरात कंपनीतली पक्की नोकरी सोडून वहिनींनी लोकांना स्लाइड्स कशा कराव्यात हे शिकवण्याचा उद्योग सुरू केला होता, आणि तो अजून घरातल्या जेवणाच्या टेबलावरून फारसा पुढे सरकला नव्हता. नवरा तोंडाने काही बोलत नसे, पण नोकऱ्यांच्या जाहिराती कापून फ्रिजवर चिकटवून ठेवत असे. शेवटी नणंद मदतीला आली. ती या कंपनीत माणसांच्या नेमणुका बघत असे. शिबिर जमलं तर वर्षभराचं काम तुझं, नाही जमलं तर मला या इमारतीत तोंड दाखवायची सोय नाही, असं तिने वहिनींना आधीच बजावलं होतं.

त्यात जागेची पंचाईत झाली. कंपनीचे मालक, सगळे ज्यांना मोठे साहेब म्हणत, मागच्या महिन्यात वारले होते, आणि भिंतीपलीकडच्या मोठ्या हॉलमध्ये नेमकी आजच त्यांची शोकसभा होती. दुसरी खोली रिकामी नव्हती. म्हणून साहेबांची स्वतःची बैठकीची खोली, जी ते गेल्यापासून कुलूपबंद होती, ती शिबिरासाठी उघडली होती. पडदे ओढलेले, हवा कोंदट, आणि टेबलाच्या टोकाशी साहेबांची खुर्ची. पाठीच्या गादीला त्यांच्या खांद्यांचा खळगा अजून तसाच होता. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवरही कुणी बसलं नव्हतं. उरलेल्या जागेत माणसं दाटीवाटीने बसली होती.

वहिनींनी रिमोटचा नाद सोडला आणि लॅपटॉपवरची कळ दाबायला त्या वाकल्या. बोट अजून कळेला लागलंही नव्हतं, तेवढ्यात स्लाइड आपोआप सरकली. पडद्यावर रिकाम्या खुर्चीचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात एकच ओळ आली: 'तुमचं ऐकतंय कोण?'

स्लाइड वहिनींचीच होती. बनवण्याआधी श्रोता कोण याचा विचार करा, एवढाच तिचा साधा अर्थ होता. पण टेबलाभोवतीची सगळी डोकी एकदम साहेबांच्या खुर्चीकडे वळली.

वहिनींनी शिकवायला सुरुवात केली. एका स्लाइडवर एकच गोष्ट सांगा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे. सांगत असताना त्या सवयीने बटण दाबत होत्या. दाबलं की काही होत नव्हतं, आणि दाबलं नाही की होत होतं. त्या "आता पुढे जाऊ" म्हणत, तर पडदा मागे जाई. त्या मागचं समजावू लागत, तर पडदा दोन उड्या मारून पुढे जाई. बॅटरी कमी असेल, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्या आवाजात तितकासा दम नव्हता.

मग त्यांनी विक्री विभागाच्या प्रमुखांना उठवलं. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. प्रत्येक स्लाइडवर तक्ता घालण्याच्या हौसेमुळे त्यांना सगळे तक्तेसाहेब म्हणत. त्यांनी आपली स्लाइड लावली आणि पडदा मुंग्यांनी भरल्यासारखा झाला.

"यातलं काय काढता येईल?" वहिनींनी विचारलं.

"काहीच नाही. सगळं महत्त्वाचं आहे," तक्तेसाहेब म्हणाले. "मोठ्या साहेबांनी स्वतः या तक्त्याचं कौतुक केलं होतं."

पडदा काळा झाला.

हिशेब विभागातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "साहेब असंच करायचे."

मग वहिनींना कळलं ते असं. मोठे साहेब बैठकीत कधी कुणाला गप्प बसवत नसत. कंटाळा आला, किंवा समोरचा थापा मारतोय असं वाटलं, की ते न बोलता उठायचे आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर हात ठेवायचे. पडदा काळा व्हायचा. समोरच्याने काय ते समजून खाली बसायचं.

तक्तेसाहेब खुर्चीकडे वळले. ते घाईघाईने म्हणाले की कौतुक म्हणजे अगदी कौतुक असं नाही, साहेबांनी नुसती मान हलवली होती. मग म्हणाले, कदाचित ती डुलकी असेल. पडदा पुन्हा उजळला.

त्यानंतर वहिनींना फारसं शिकवावं लागलं नाही. तक्तेसाहेबांनी उभ्या उभ्याच तक्ता पुसायला घेतला. एक रांग काढायची, पडद्याकडे बघायचं, मग दुसरी काढायची. शेवटी 'उत्तरेकडे विक्री थांबली आहे' एवढं एकच वाक्य उरलं, तेव्हा ते खाली बसले. त्यांच्या शेजारच्या माणसाने न सांगता आपल्या स्लाइडवरची हातात हात घेतलेली माणसं, उगवता सूर्य आणि शिडी चढणारा बाण काढून टाकला. हिशेबातल्या बाईंनी यंदाचा तोटा स्लाइडच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लपवला होता. त्या भरभर पुढे गेल्या, तर पडदा आपणहून मागे आला आणि तोट्यावर थांबला. त्या पुन्हा पुढे गेल्या. पुन्हा तो मागे आला. बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी तोटा पडदाभर मोठा केला.

"असं बरं दिसतं का?" त्यांनी विचारलं. प्रश्न वहिनींना नव्हता. त्या खुर्चीकडे बघत होत्या.

इतकी गुणी मंडळी वहिनींना आजवर कुठेच भेटली नव्हती. पण त्याही खुर्चीकडे पाठ करायचं टाळत होत्या. भिंतीपलीकडून एका माणसाच्या भाषणाची गुणगुण येत होती. मध्येच ती थांबायची, खुर्च्या करकरायच्या, मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. अशा प्रत्येक शांततेत वहिनींचा अंगठा आपोआप बटणावर दाबला जायचा. दिवे लागलेले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना सारखं वाटत होतं, पण उठून खुर्चीमागच्या भिंतीवरचं बटण कोण दाबणार?

त्यांनी लवकरच चहाची सुट्टी दिली. माणसं एका रांगेत, खुर्चीला वळसा घालून, न बोलता बाहेर गेली. पाठोपाठ नणंद आत आली.

"वहिनी, मला जरा बसू दे," ती म्हणाली, आणि जवळची खुर्ची कुणाची आहे हे नीट बघून मगच बसली.

हॉलमध्ये भलतंच घडलं होतं. साहेबांच्या हाताखालचे, ज्यांना छोटे साहेब म्हणत, ते साहेबांचे फोटो दाखवत भाषण करत होते. संचालक होते, साहेबांच्या घरचे होते. छोटे साहेब म्हणाले, आमच्यात कधी मतभेद झाला नाही; तर दोघांचा हसरा फोटो गेला आणि साहेब एकटेच, कपाळाला आठी घालून बघताहेत असा आला. छोट्या साहेबांनी रिमोट दाबला, काही झालं नाही. मग ते मुख्य मुद्द्यावर आले. साहेबांची शेवटची इच्छा अशी होती की कंपनी माझ्या हातात यावी, एवढं म्हणेपर्यंत फोटो भराभर धावायला लागले. साहेब म्हातारे, साहेब तरुण, साहेब शाळेच्या गणवेशात, आणि पुन्हा ते आठीवाले. छोट्या साहेबांनी तीच ओळ परत सुरू केली. आठीवाला फोटो परत आला. तिसऱ्यांदा त्यांना बोलवेना. इच्छेचं आपल्याला नीट आठवत नाही, बहुतेक साहेब तसं म्हणालेच नव्हते, असं सगळ्यांसमोर सांगून ते मटकन खाली बसले.

"लोक अजून तसेच बसलेत," नणंद म्हणाली. "उठायची कुणाची छाती होत नाहीये."

वहिनींनी हातातल्या रिमोटकडे बघितलं. मग दाराकडे. हॉलचं दारही उघडंच होतं. त्यांनी बटण एकदा दाबलं.

भिंतीपलीकडून पुष्कळ माणसांनी एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी बाई "अगं आई गं" म्हणाली.

नणंदेने वहिनींच्या हाताकडे बघितलं. हा रिमोट आणि हॉलमधला, दोन्ही एकाच बनावटीचे होते. रिमोटचा इशारा घेणारी, लॅपटॉपमध्ये खोचायची छोटी डोंगल्सही सारखीच होती. ती कुठेतरी उलटसुलट खोचली गेली होती, एवढाच सगळा प्रकार. इथे दाबलेलं तिथे उमटत होतं, आणि तिथे छोटे साहेब घाबरून जी दिसतील ती बटणं दाबत होते, ते इथे.

"ते खाली ठेव," नणंद म्हणाली. "आणि हे कुणाला सांगू नकोस."

पण वहिनींना ते पटेना. एका माणसाचं नशीब आपल्या अंगठ्याने फिरवलं, आणि ते आपल्याला ठाऊकही नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. वर्षभराचं काम जाणार हे त्यांना दिसत होतं. फ्रिजवरच्या जाहिरातीही दिसत होत्या. तरी त्या उठल्या आणि कुणाला सांगायचं ते विचारत विचारत मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे साहेबांच्या पत्नीपर्यंत, पोचल्या.

मोठ्या बाई हॉलमागच्या लहान खोलीत एकट्या चहा पीत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, अगदी ताठ. वहिनींनी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली. बाईंनी समोरची खुर्ची दाखवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "ती डोंगल्स मीच बदलली."

वहिनी बसल्या.

"सकाळी दोन्ही लॅपटॉप बाहेरच्या टेबलावर मांडून ठेवले होते. हे घरी भाषणाची तालीम करायचे तेव्हा रिमोट माझ्याच हातात असायचा, त्यामुळे मला त्यातलं कळतं. त्या माणसाने अडखळावं, एवढंच माझ्या मनात होतं. शेवटची इच्छा म्हणे. शेवटचा आठवडाभर माझ्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं." त्यांनी कप खाली ठेवला. "पण तुम्ही इतकं वेळेवर दाबाल असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. छान केलंत."

वहिनींच्या जिवात जीव आला. बोलण्याच्या भरात त्यांनी आपल्या खोलीतलंही सांगितलं: तक्तेसाहेब, तोटा, आणि छोट्या साहेबांनी चुकून दाबलेलं पडदा काळा करायचं बटण.

मोठ्या बाईंचा हात कपावरच थांबला. "हॉलमधला रिमोट यांचा स्वतःचा होता," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याला ते बटण नाही. यांनीच उचकटून काढलं होतं. म्हणायचे, झाकायला माझा हात आहे की."

बाहेर कुणीतरी खुर्च्या हलवत होतं. वहिनींनी पदराशी चाळा केला. बाईंनी एकदा बैठकीच्या खोलीच्या दिशेने बघितलं, तोंड किंचित वाकडं केलं, एखाद्याने जेवायला उशीर केल्यावर करावं तसं, आणि तो विषय तिथेच सोडला.

"कंपनी आता मीच बघणार आहे," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला संचालकांची बैठक असते. फार बोलतात, आणि निम्मं खोटं बोलतात. तुम्ही वर्षभर या. शेजारच्या खोलीत शिबिर घ्या, दार लावून."

"शिकवायचं काय?"

"तुमचं तुम्ही ठरवा. फक्त मधूनमधून बटण दाबत राहा, डोंगल मी बदलून ठेवीन." बाई उठल्या आणि त्यांनी पदर सारखा केला. "कधी दाबणार ते मला सांगू नका. मलाही तिथे संचालकांसमोर उभं राहून बोलायचं आहे."