तनुजावर फुलं टाकायची होती

"ह्या बकेटनं मी अंडं उचलतो, अंडं! फुलं टाकणं म्हंजे काय मोठं काम हाय?" सुदर्शननं सगळ्या देवगाव रंगारीला ठणकावून सांगितलं होतं. बायको तनुजा तलाठ्याची परीक्षा पास झालेली, तिची मिरवणूक निघणार, आणि तिच्या डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या दुसऱ्या कुणाच्या जेसीबीतून पडणार? छ्या!

सकाळी रंगीत तालीम ठेवली. पण गडी आठवडाभर चितेगावला पाये खोदून पेंगुळलेला. डाव्या हातानं भुजा वळवली आणि उजव्या हातानं बकेट उलटायचं विसरूनच गेला! जांभई संपली तेव्हा आठवलं. तोवर भुजा शेजारच्या गोठ्यावर पोचलेली. म्हैस पिवळीधमक!

"झोप उडव लेका, चहा घे," कडुबामामा म्हणाले. मामा जुने ऑपरेटर, सुदर्शनचे उस्ताद.

सुदर्शननं पाच घेतले.

दुपारी हलगी कडाडली. वेशीत काढलेल्या रांगोळीच्या गोलात तनुजा उभी राहिली आणि सुदर्शननं दोन्ही लिव्हर घट्ट आवळले. चार वर्षं ही बाई भाकरी थापता थापता शिकली, आणि आज आपणच माती खाल्ली तर? तळहात घामानं निथळले. दोन्ही लिव्हर एकदम ओढले गेले! भुजा भलतीकडं झेपावली, बकेटनं हिसडा दिला आणि निम्मी फुलं हलगीवाल्यांवर! पळापळ झाली.

"मामा, माझ्यानं व्हत नाय!" सुदर्शन रडकुंडीला आला.

तनुजा पदर खोचून तरातरा आली ती थेट केबिनमध्येच चढली.

"अहो, दळण आणलं का?"

"आं? नाय... चक्की बंद व्हती."

"गॅसचा नंबर लावला?"

"व्हय, कालच."

"आन् मोटर? का टाकी वाहतीय अजून?"

"केली की बंद!"

रोजचीच उलटतपासणी! तिला उत्तरं देता देता सुदर्शनची धडधड कधी थांबली, त्यालाच कळलं नाही. झोपही नाही अन् घाबरणंही नाही. दोन्ही हात बैलजोडीसारखे एका चालीनं निघाले. भुजा सावकाश वळली, बकेट हळूच कलंडलं, आणि उरलेल्या पाकळ्या गोलाच्या बरोब्बर मध्यावर अशा बरसल्या की गावानं शिट्ट्या मारल्या!

"जमलं!" सुदर्शन ओरडला. तनुजानं टाळ्या वाजवल्या, तिचे डोळे भरून आले. मग दोघांनी एकदमच एकमेकांकडं पाहिलं. फुलं तिकडं, आणि बाई इकडं!

गोलात, हातानं इशारे द्यायला शिरलेले कडुबामामा नखशिखांत पिवळे होऊन उभे होते. गाव टाळ्या वाजवतच होतं. शेवटी त्यांनी हात जोडले आणि बिचकतच म्हणाले,

"आरं, पण मी कुठं पास झालोय?"