सुपडू आप्पांच्या टेपवरची गावं

सुपडू आप्पा बाईचं माप आकड्यात बोलत नाहीत. गावांच्या नावात बोलतात.

शहाद्याच्या बाजारपेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि आप्पांचं लेडीज टेलरचं दुकान, दोन्हींच्या मध्ये एक पत्र्याची भिंत. त्या पत्र्यातून दिवसभर ऐकू येतं, "छाती दोंडाईचा. कंबर सारंगखेडा. बाही तळोदा. बस, व्हई गयं, बहीन." परगावच्या माणसाला वाटावं, पलीकडे एसटीचा कंट्रोलर बसलाय. प्रत्येक इंचाला एक गाव. कोणतं गाव किती इंचाचं, हे आप्पांखेरीज कोणालाही ठाऊक नाही. गिऱ्हाइकाच्या नवऱ्यालाही नाही. एका नवऱ्यानं भर दुकानात विचारलं होतं, "आप्पा, हिनी कंबर कितली भरनी?" आप्पांनी टेप त्याच्याच पोटाकडे नेला. "तुन्ही कितली शे ते सांगू का आख्खा बजारले?" तो माणूस पुढं बायकोला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडून परत फिरायचा.

ही भाषा फोडायचा चंग मी बांधला होता. तोरणमाळ सगळ्यात उंच, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, असं माझं गणित. सुनीताच्या, म्हणजे आमच्या हिच्या, दंडाला आप्पा "तोरणमाळ" म्हणाले ते मी ऐकलं आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत जाहीर केलं. पुढचे आठ दिवस मला भाजीत मीठ मिळालं नाही. नंतर कळलं, गावं उंचीप्रमाणे लावलेलीच नाहीत. आप्पांना सुचली तशी लावलीत.

मला आप्पांची भीती वाटते. ते टेप न लावताही मापतात. चष्म्यावरून एकदा बघितलं की माणूस आतून-बाहेरून मोजला गेला. ते दुकानात शिरले की मी आपोआप पोट आत घेतो आणि ते जाईपर्यंत श्वास सोडत नाही. एकदा ते चहा पीत पंधरा मिनिटं बसले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले होते.

तर दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं आणि मी मोबाइलवर लढाईचा गेम खेळत होतो. माझ्या पोरीनं, तेजूनं, मला तो शिकवलेला. तेजू अकरावीत. गेममधली वज्रा नावाची लढवय्यी तिची फार लाडकी. आप्पा चहाला आले, स्क्रीनकडे बघितलं आणि कप हातातच राहिला.

"हाई बाई कोन शे?"

"वज्रा. राक्षस मारस ती."

"ती काय मारी? तिनी कंबर तर देख. आतडं कोठे मावतस तिना?" त्यांनी खिशातला खडू काढून माझ्या काउंटरवर आकडेमोड सुरू केली. डोकं एवढं, तर उंची एवढी. उंची एवढी, तर कंबर एवढी. मग खडू ठेवला. "एवढी बारीक कंबरले मन्हाकडे गावच नही."

तेवढ्यात शेजारी वज्राचा जोडीदार आला. गळ्यापासून घोट्यापर्यंत लोखंडात. आप्पा आणखी हादरले. "याले आख्खं चिलखत, आनि हिले दोन खन? बान काय पोट सोडीसन लागतस का?"

"आप्पा, गेम शे तो."

"व्हई. पन थंडी?" ते खरोखर घाबरले होते. त्या दिवसापासून दर दुपारी ते विचारायचे, "ती पोर शे का अजून? वाकनी तर मोडी जाई, भो. तिले पळू देऊ नको." मी तिला पळवलं की ते डोळे मिटून घ्यायचे.

आता माझी चूक.

तेजूच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं आणि तिला वज्रा व्हायचं होतं. चित्र घेऊन आम्ही आप्पांकडे गेलो. "मी या चित्रले शिवाव नही. मी पोरले शिवसू," असं म्हणून त्यांनी तेजूचं माप घेतलं, "कंबर प्रकाशा", आणि सोफ्याच्या रेक्झिनचं असं झकास चिलखत बेतलं की त्यात पोट, पाठ, खांदे सगळं झाकलं गेलं. आतून दोन-दोन बोटं माया सोडली होती. "वाढती पोर शे," म्हणाले.

इथं थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण उरलेलं रेक्झिन बघून मला विनोद सुचला. "आप्पा, यामा हुबेहूब चित्रना मापनं एक शिवा ना. दुकानमा टांगू. लोके तरी देखोत, कसं अशक्य शे ते." आप्पांना कल्पना पटली. त्यांच्या मनातली भीती एकदाची गावाला दाखवता येणार होती. त्यांनी शिवलं. कंबर इतकी बारीक, की आमच्या घरची पाण्याची कळशी त्यात शिरली नसती. मी ते दुकानाच्या दर्शनी भागात टांगलं आणि खाली पाटी लावली: 'ज्या ताईंना हे बसेल त्यांना टेम्पर्ड ग्लास फुकट.'

ही पाटी मला फार जमलेली वाटली होती. लोक हसायचे, फोटो काढायचे. मी प्रत्येकाला चहा पाजायचो.

स्नेहसंमेलनात तेजू स्टेजवर आली तेव्हा मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. कोणीतरी व्हिडिओ टाकला. त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'ही वज्रा नाही, वज्राची मम्मी.' खाली हसणारे चेहरे, भरपूर. मीही ते वाचलं. तेजूसमोर वाचलं आणि म्हणालो, "अगं, लोकांकडे काय लक्ष द्यायचं!" आणि हे म्हणताना मला जरासं हसू आलं. ते तिनं पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात दुकानातलं टांगलेलं चिलखत चोरीला गेलं. मी त्याचाही किस्सा करून सांगत फिरलो.

महिन्याभरानं तेजूचा चेहरा उतरल्यासारखा दिसला. मी म्हणालो, "वा, बारीक झाली गं!" ती इतकी खुश झाली, की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालो. तिचा डबा रिकामा परत यायचा, म्हणून आम्ही निश्चिंत. रात्री ती म्हणायची, मैत्रिणीकडे खाल्लं. माझं पोट सुटतंय आणि पोरगी कशी शिस्तीची, असा अभिमानही मी बाळगला.

मग एका संध्याकाळी आप्पा माझ्या दुकानात आले. मी सवयीनं पोट आत घेतलं. त्यांनी बघितलंच नाही. शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसले. हात मांडीखाली दाबून धरले होते.

"पोर तीन बार उनी मन्हाकडे. कॉलेजना ड्रेस बारीक कराले."

"मंग?"

"पहिले वाटनं, फॅशन व्हई." ते थांबले. पलीकडे कोणी नाही ना, हे पत्र्याला कान लावून बघितलं. "अठ्ठावीस व्हती. आज तेवीस शे."

मला आधी कळलंच नाही. मी कोणतं गाव, म्हणून वाट बघत राहिलो. पंधरा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून बाईच्या कमरेचा आकडा मी ऐकला नव्हता. कळलं तेव्हा मानेवर गार पाण्याचा थेंब पडल्यासारखं झालं.

"तिनं माले इचारं," आप्पा म्हणाले, "आप्पा, ते टांगेल व्हतं ते कितलं व्हतं? मी सांगं नही. भो, ते मी शिवं. मन्हा हातनं शिवं."

घरी गेलो. अशा वेळी बापानं काय करावं, हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी ओरडलो. तेजूनं खोलीला आतून कडी लावली. सुनीतानं मागे एकदा तेजूची गादी उचलली होती तेव्हा तिच्याखाली ते चोरीला गेलेलं चिलखत सापडलं होतं, हेही तेव्हाच कळलं. "तूच लपवलं असशील, तुझे विनोद," असं सुनीताला वाटलं होतं. डबा कॉलेजच्या मागच्या गाई खायच्या.

दोन दिवसांनी तेजू कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त तपासलं, औषधं लिहिली, नंदुरबारच्या एका डॉक्टरीणबाईंकडे बोलण्यासाठी दर आठवड्याला न्यायला सांगितलं. "पण मुख्य औषध ताटात आहे. असंच चाललं तर दाखल करावं लागेल. हृदयावर येतं हे." हृदय हा शब्द त्यांनी इतका सहज उच्चारला, की मी घरी येताना गाडी चुकीच्या गल्लीत घातली.

त्यानंतर आमच्या घरी जेवण म्हणजे परीक्षा झाली. तेजूपुढं ताट, आणि समोर आम्ही दोघं तिच्या हाताकडे डोळे लावून. घास उचलला की आमचे श्वास थांबायचे. ती घास ताटात ठेवायची. मी विनोद करून बघायचो. तो ऐकून तर ती ताटच सरकवायची. रात्री मी तिच्या खोलीच्या दाराला कान लावून श्वास ऐकायचो.

रविवारी दुपारी आप्पा आले. आमच्या घरी ते कधीच आले नव्हते. फडक्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी बांधून आणल्या होत्या, एका डब्यात भरीत. स्वतः केलेलं, घरी करणारं दुसरं कोणी नव्हतं. विचारलंही नाही, स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. तेजूला हाक मारली. आप्पांना नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती. ती येऊन भिंतीला टेकून बसली. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. भाकरीकडे बघत बोलले.

"मन्हं नवं लगीन व्हयेल व्हतं. मी तिन्हं माप लिधं, दुकानमा, चार गिऱ्हाइकसनासमोर. मोठ्यानं बोलनू, 'चाळीस! कापडनं आख्खं थान लागी हिले!' सर्वा हासनात. ती बी हासनी." त्यांनी भरितातली मिरची बाजूला काढली. "त्या दिनपशी ती मन्हासमोर कधी जेवनी नही. तीस वरीस. माले वाढे, मी दुकानवर गवू का मंग जेवे. काय खाये, कितलं खाये, माले आजपावत माहीत नही. आते चार वरीस व्हई ग्यात तिले जाईसन."

आप्पांनी एक भाकरी उचलून हातात धरली.

"मी माफी मांगी नही तिनी. लाज वाटे. तुन्ही मांगस, माय. ते चिलखत शिवं त्यानी." भाकरीचे दोन तुकडे करून त्यांनी एक ताटात घालून तेजूपुढं ठेवला. "खा, नको खाऊ, तुन्ही मर्जी. मी देखाव नही."

आणि ते बसल्या जागी वळले. भिंतीकडे तोंड, तेजूकडे पाठ. सुनीता ओट्याकडे वळली. आप्पांशेजारी बसलेला मी तेवढा राहिलो.

"ए भो," आप्पा भिंतीला म्हणाले, "तू बी फिर."

मी फिरलो. समोर फ्रीजचं दार आणि त्यात माझंच तोंड. आप्पा सावकाश चावत होते. मला वाटलं, माझ्या श्वासाच्या आवाजानंच ती उठून जाईल. बराच वेळ मागून काहीच आलं नाही. मग बांगडी ताटाच्या काठाला लागली. मग भाकरी मोडल्याचा आवाज. लहानसा.

मी वळणार, तोच आप्पांनी माझा गुडघा घट्ट दाबून धरला.