कॉफी मशीनचं स्थळ

आधी माफी मागते. कुणावर लेख लिहावा इतकी मी मोठी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्याआधी आमच्याकडे लिहिलं गेलं ते फक्त लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर, आणि तेही नावं चुकवत. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, जवळच्या माणसावर लिहा. जवळचं म्हणजे किती जवळचं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. आमच्या दाराला लागून परबकाकांचं दार आहे, मध्ये फक्त चपलांचा रॅक. तेवढं जवळ पुरे, असं धरून लिहिते. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

परबकाका वस्तू विकत घेत नाहीत. ते वस्तूंची स्थळं बघतात.

हे मी रंगवून सांगत नाहीये. "अंधेरीला एका मिक्सरचं स्थळ आलंय, उद्या बघायला जातोय," असली वाक्यं मी लहानपणापासून ऐकतेय. बघायला जाताना इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, आणि सोबत निदान एक माणूस. स्थळ बघायला एकट्याने जायचं नसतं. पुढे काही बिनसलं तर 'तूपण होतास ना तिथे' म्हणायला कुणीतरी लागतं. आणि वस्तू कितीही आवडली तरी दुकानात हो म्हणायचं नाही. काकांचं शेवटचं वाक्य ठरलेलं आहे: "छान आहे. घरी जाऊन कळवतो."

घरात आलेली वस्तू मग त्यांच्याकडे 'नांदते'. फ्रीज वर्षानुवर्षं नांदतोय. एक वॉशिंग मशीन मात्र नांदलं नाही. सारखी आदळआपट करायचं. शेवटी दोन्हीकडची बोलणी होऊन ते परत गेलं, पण काका आजही त्याच्याबद्दल वाईट शब्द काढत नाहीत. "स्वभाव जुळले नाहीत," एवढंच. चाळ पाडून आमची ही मुलुंडची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा बिल्डरने हॉलमधला पंखा फ्लॅटसोबतच दिला होता. तो घरजावई. "खातो किती, फिरतो किती, सगळं दिसतं. पण आपण काय बोलणार?"

काका एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झाले. आधी काकी गेल्या. मग समीरदादा, त्यांचा एकुलता एक मुलगा, साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. घरात राहिले काका आणि समीरदादाची बायको, मानसीवहिनी. वहिनी पवईला एका ऑफिसात आहे. तिथलाच ओंकार नावाचा मालाडचा मुलगा तिला लग्नाचं विचारतोय, ही बातमी आम्हाला दिली ती काकांनीच. ओंकार एकदा घरी आला होता. "चांगला आहे," काका म्हणाले. "चपला काढून नीट जोडीने ठेवल्या."

काकांनी स्वतः वहिनीला सांगितलं होतं, हो म्हण. पण वहिनी हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. एवढंच विचारायची, "बाबा, मी गेल्यावर तुमचं काय?" या प्रश्नापाशी काका चहा टाकायला उठायचे. गणपती गेले, दिवाळी गेली, होकार काही येईना.

आणि अशातच एक दिवस काकांनी आमच्या दारात येऊन जाहीर केलं की आता कॉफीच्या मशीनचं स्थळ बघायचंय.

"कसलं मशीन?" आईने विचारलं.

"अगं ते, डबी आत घालायची, बटण दाबायचं, खाली कपात कॉफी. पॉड म्हणतात डबीला. मानसीच्या ऑफिसात आहे."

"पण तुम्ही तर चहा पिता ना!"

"मी कुठे म्हटलं माझ्यासाठी?"

दार लागल्यावर आई म्हणाली, "बघितलंस? सुनेला कॉफीने बांधून ठेवणार म्हातारा. तोंडाने जा म्हणायचं आणि पायात मशीन घालायचं."

मला ते पटलं नाही.

पहिलं स्थळ घाटकोपरचं होतं. सोबतीला मी, कारण खोक्यावरचं इंग्रजी वाचायला कुणीतरी हवं. खरं सांगायचं तर अशा दुकानात मलाही बुजायला होतं. सगळं इतकं चकाचक असतं की आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच मोठा वाटतो. काकांना त्याचं काही नाही. ते सरळ डेमोच्या टेबलापुढच्या खुर्चीत पाय दुमडून बसले आणि सेल्समनला म्हणाले, "हं, बोलवा."

"कुणाला, अंकल?"

"मशीनला."

सेल्समन तरुण होता, गळ्यात पट्टा, हसरा. त्याने एक लाल मशीन पुढे सरकवलं. काकांनी चौकशी सुरू केली. मूळ गाव कुठलं? परदेश. इथे नातेवाईक कोण? सर्व्हिस सेंटर अंधेरीला. बोलावलं तर येतात ना घरी? येतात. आवाज चढवते का? थोडा, कॉफी पडेपर्यंत.

"अंकल, एकोणीस बार प्रेशर आहे!" सेल्समनने अभिमानाने सांगितलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बीपी आहे म्हण की सरळ. बरं, खाते काय?"

"म्हणजे, पॉड? ह्याला ह्याच कंपनीचे लागतात. दुसरे बसत नाहीत."

"असं होय. माहेरचंच खाणार. सासरचं पाणी तेवढं चालेल."

सेल्समन हसला, पण काका हसले नाहीत. ही त्यांच्या दृष्टीने गंभीर बाब होती. मग त्याने कपात काळी, दाट कॉफी काढून दिली. काकांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "हा काढा दिवसातून किती वेळा घ्यायचा?"

इथवर सगळं नेहमीसारखं होतं. पुढे मात्र काकांनी एक गोष्ट केली, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. ते उठले, मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि कडेवर मूल घ्यावं तसं घेऊन दुकानाच्या दारापर्यंत चालत गेले. वॉचमन धावत आला.

"ओ काका, कुठे? बिल कुठाय?"

"नेत नाय रे बाबा. वजन बघतोय," म्हणत काका परत आले. "बाईमाणसाला एकटीला उचलता आलं पाहिजे. आणि ह्याचा खोका दाखव. खोल, बंद कर. परत भरता येतो ना नीट?"

"अंकल, एकदा किचनमध्ये ठेवलं की ठेवलं. परत कशाला भरायचं?"

"वस्तू एकाच जागी राहते, असं कुणी सांगितलं तुला?" काका म्हणाले. मग शर्ट सारखा केला. "छान आहे. घरी जाऊन कळवतो."

असं आम्ही बरेच फिरलो. एक मशीन दिसायला देखणं पण पाणी गाळत होतं. "आतल्या आत रडते बिचारी," म्हणून काकांनी सोडलं. एक दुधाचा फेस काढायचं, ते त्यांना नखरेल वाटलं. प्रत्येक ठिकाणी उचलून दारापर्यंत चालणं आणि खोका बघणं मात्र चुकलं नाही. पॅकिंग खात्याची जुनी सवय असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

एका संध्याकाळी मी दारात केर काढत होते, तेव्हा मानसीवहिनी ऑफिसातून आली. रॅकवर हात टेकून सँडलचा पट्टा सोडवता सोडवता म्हणाली, "कुठपर्यंत आलंय गं मशीन?"

"बोरिवलीचं बघायचं राहिलंय."

"मी कधी म्हटलं मला हवंय? ऑफिसात पिते, कारण तिथे दुसरं काही मिळत नाही. सकाळी बाबांच्या हातचा चहा पिते ना मी." ती तशीच एका पायावर उभी होती. "ओंकारला उत्तर द्यायचंय. किती दिवस ताटकळवू त्याला? रोज मनाशी ठरवते, आज बाबांशी बोलायचं. आणि रोज बाबा मशीनच्या गोष्टी घेऊन बसतात. माझ्यासाठी घरात एवढं करायला निघालेत. तू सांग, ते मशीन ओट्यावर आलं की माझा पाय निघेल का?"

मी केर भरत राहिले. म्हणजे आईचं खरं होतं की काय? काकांनी मुद्दाम केलं असो वा नसो, वहिनी अडकत चालली होती. त्या कॉफीचा मला रागच आला.

बोरिवलीला मी घुश्शातच गेले. दुकान लहान होतं, सेल्समन माझ्याच वयाचा एक मुलगा. मशीन काळं, बुटकं, फारसा तोरा नसलेलं. कुठल्याही कंपनीचे पॉड चालतात, म्हणाला. काकांचा चेहरा खुलला. "कुणाच्याही हातचं खाते! गुणी आहे." त्यांनी उचलून बघितलं. मग खोक्यात भरून माझ्या हातात दिलं आणि मला दारापर्यंत चालवलं. "जड होता काय गो?" नाही म्हटलं. खोक्याला वर धरायला मूठसुद्धा होती. काकांनी ती मूठ दोनदा ओढून बघितली.

सेल्समनला वाटलं सौदा झाला. त्याने टॅब उघडला. "वॉरंटीसाठी नाव सांगा, अंकल."

"मानसी."

"सरनेम?"

काका थांबले. म्हणाले, "ते अजून ठरायचंय. जागा रिकामी ठेव."

"रिकामी ठेवली तर सिस्टिम पुढेच जात नाही."

"आमचंही तिथेच अडलंय रे," काका म्हणाले. "छान आहे. घरी जाऊन कळवतो."

मी दुकानातून बाहेर पडले. आडनाव रिकामं ठेवणारा माणूस सुनेला बांधून ठेवत नसतो, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं होतं. समोर उसाच्या रसाची गाडी होती. तिथल्या बाकावर बसल्यावर मी विचारलं, "काका, हे मशीन मालाडला जायचंय?"

"मग काय आपल्या ओट्यावर? मी पिऊ तो काढा?" त्यांनी ग्लासातला बर्फ हलवला. "रुखवत आहे ते. समीरच्या लग्नात मानसीच्या वडिलांनी काय रुखवत मांडलं होतं! करंज्या, लाडू, भरतकामाच्या चादरी, मधोमध शिलाई मशीन. मी मुलाकडचा, रुबाबात बघत फिरलो. तिचे वडील आता नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये तिचं टेबल मोकळं ठेवायचं काय?"

"पण काका, तुम्ही तर तिचे..."

"कोण? सासरो? ता समीर होतो तवसर." काका रागावले किंवा हळवे झाले की मालवणीवर येतात. "आता ता माझा चेडू. बापाशीन रुखवत नको मांडूक?"

"मग घेऊन टाका ना आजच."

"होकाराआधी रुखवत? येडी काय गो तू? दृष्ट लागता."

मी रस संपवला. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "आणि तुमचं काय?"

"माझा काय? चायेक मशीन लागणा नाय. टोप पुरता." त्यांनी रिकामा ग्लास गाडीवर ठेवला. मग म्हणाले, "टोप जरा मोठो आसा, इतक्याच."

मला बोलता येत नाही. वर्गातसुद्धा उत्तर येत असताना माझा हात अर्ध्यावर राहतो. पण त्या संध्याकाळी मी चपलांच्या रॅकपाशी वहिनीची वाट बघत उभी राहिले आणि ती आल्यावर एका दमात सांगून टाकलं, "वहिनी, काकांनी वॉरंटीवर तुझं आडनाव लिहू दिलं नाही. म्हणाले, अजून ठरायचंय. ते मशीन रुखवत आहे. तुझं."

वहिनीने सँडलचा पट्टा अर्धा सोडवला होता, तो तसाच राहिला. दाराआडून काकांचा आवाज आला, "मानसी, चहा टाकलाय गो." ती एक सँडल पायात, एक हातात, तशीच आत गेली.

रविवारी सकाळी आमची बेल वाजली. वाजली म्हणजे दाबून धरलेली होती. दारात काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पण बटणं एक घर चुकलेली. केसांना तेल, आणि गळ्यात शिंप्यासारखी मोजायची टेप.

"चल, चपला घाल. बोरिवलीला कळवायचंय."

"अहो, झालं काय?" आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. "नीट सांगा तरी."

काकांनी एकदा आपल्या दाराकडे वळून बघितलं. आवाज खाली आणला, पण तो काही खाली राहीना.

"आता चहा पिता पिता मानसी म्हणते, 'बाबा, मशीन घेण्याआधी ओट्यावर बसतं का ते मोजून घ्या.' मी टेप घेऊन उठलो, ओट्याला लावली. म्हटलं, 'बसता की गो, जागा भरपूर आहे.' तर म्हणते, 'ह्या ओट्यावर नाही, बाबा.'"

काका थांबले. टेपचं एक टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"म्हटलं, 'मग कुठल्या?' तर म्हणाली, 'मालाडच्या.'"