ओमतीच्या घरातली निळी भिंत

२०२३ साली वैष्णवीचं लग्न ठरलं, तेव्हा तिचे आजोबा चिंतामणी यांनी ओमती मोहल्ल्यातल्या आपल्या घराला बदामी रंग लावून घेतला. रंगाचा वास जायच्या आत त्यांची धाकटी बहीण अनसूयाबाई विजय नगरातून येऊन दाखल झाल्या. या वयात त्यांनी पहिलीच कविता केली होती आणि हळदीच्या संध्याकाळी ती सगळ्यांपुढे वाचायची होती.

"आधी मला तर ऐकव," चिंतामणी म्हणाले.

आई थकली की बैठकीच्या भिंतीला टेकायची. उठायची तेव्हा पाठीला भिंतीची नीळ लागलेली असायची. लहान पोरीला वाटायचं, आई पाठीवर आभाळ घेऊन चालली. एवढीच कविता होती. ऐकून सूनबाई गीतांजलीचे डोळे भरले. चिंतामणींचे काही भरले नाहीत.

"भिंत गुलाबी होती," ते म्हणाले.

"निळी होती, दादा. बाबा चुन्यात नीळ टाकत."

"गेरू टाकत! सदऱ्याला लागायचा म्हणून मास्तरांचा मार खाल्ला मी. तुला काय ठाऊक, तू तेव्हा रांगून राहिली होती!"

"बाबा, कवितेत चालतं," गीतांजलीनं समजावलं. "निळा म्हणजे कसं, शांत, दूरचं..."

"दूरचं काहून? घर आमचं होतं! खोटी कविता माझ्या दारात वाचायची नाही."

अनसूयाबाईंचा चेहरा एवढासा झाला. मग त्या उठल्या आणि भाजी परतायचा सराटा घेऊन भिंतीला भिडल्या.

"अगं, हे काय करून राहिली तू?"

"कवितेचा अर्थ काढून राहिली."

बदामीखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पिवळा, आणि मग निळा! "पाह्य!" त्या ओरडल्या. चिंतामणींनी सराटा हिसकला, आणखी खरवडलं, तर गुलाबी. "आता तू पाह्य!" त्यांनी जिंकल्यासारखा सराटा भिंतीवर ठोकला. मातीत बसवलेली जुनी वीट हलली आणि पलीकडे स्वयंपाकघरात पडली. भोकातून तुळशीराम आचाऱ्याचं तोंड दिसलं.

"दादाजी, बुंदी में ईंट कौन डालता है?"

मुलगा धनेश धावत आला. "बाबा, लग्न तोंडावर आलं ना! आत्या, आणि तू पण?" सत्तरी ओलांडलेली दोन माणसं खाली माना घालून उभी राहिली. भोकापुढे कपाट सरकवलं. बुंदी पुन्हा पाडावी लागली.

हळदीच्या संध्याकाळी अनसूयाबाई उभ्या राहिल्या. गुलाबी खाली निघाला होता, म्हणजे दादाचंच जुनं आणि खरं, असं त्यांनी मनाशी मानून घेतलं होतं. त्यांनी वाचलं, आईच्या पाठीला भिंतीचा गुलाबी लागायचा...

"थांब!" भरल्या मांडवात चिंतामणी उठले. "चूक आहे. निळी होती."

"अरे दादा, तूच तर म्हणाला..."

"माझी गुलाबी माझ्यापाशी आहे. तू तुझी वाच."

अनसूयाबाईंनी पहिल्यापासून वाचलं. आभाळाची ओळ आली तेव्हा चिंतामणी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते, आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत, चिंतामणी झोपेतच वारले.